सोनईच्या उन्हात दोन काळी पातेली

नगर जिल्ह्यात हवापालटासाठी कुणी जात नाही. पुण्यातले माझे स्नेही महाबळेश्वरला जातात, फार तर गोव्याला, आणि परत आल्यावर आठवडाभर तिथल्या धुक्याबद्दल नाहीतर समुद्राबद्दल बोलतात. एकोणीसशे एकाहत्तरच्या फाल्गुनात मी नेवासे तालुक्यात जाऊन आलो. तिथे धुके नव्हते, समुद्र तर नव्हताच. मला हवे होते ऊन, आणि ते भरपूर मिळाले. ज्यांचे त्या बाजूला कधी जाणे झाले नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मी मूळचा देवरुखचा. वडील दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि मला पुढे ढकलणारे होते भानुदास गुरुजी. गुरुजी नगरकडचे. नोकरीसाठी कोकणात आले आणि उभा जन्म आमच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिले. शाळेत उपकरण म्हणाल तर एक फुटके भिंग होते. बाकी लोलक, तापमापक, विजेची घंटा, सारे गुरुजी खडूने फळ्यावर काढत. चित्र इतके हुबेहूब की घंटा आता वाजेल असे वाटे. निवृत्त झाल्यावर ते सोनईजवळच्या आपल्या गावी परतले. मी शिकून पुण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर झालो.

आमच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या काळ्या लेपांवर काम चालते. कोणता लेप सूर्याचा किती प्रकाश गिळतो आणि त्याची किती उष्णता करतो, हे मोजायचे. त्यातूनच मी एक सूर्यपेटी केली होती. लाकडी खोके, आतून चकचकीत पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आणि त्यात ठेवायला झाकणासकट ॲल्युमिनियमची दोन पातेली, बाहेरून काजळीचा लेप दिलेली. उन्हात ठेवली की पातेल्यात भात शिजे. हे गुरुजींना कळवले, तेव्हा त्यांचा निरोप आला, "पेटी घेऊन लगेच ये. उशीर करू नकोस."

घोडेगावचा फाटा

नगरहून निघालेल्या एस.टी.त कंडक्टरने पेटी टपावर टाकायला सांगितली. काच आहे म्हणून मी ती मांडीवर घेऊन बसलो. अर्धी माझ्या मांडीवर, अर्धी शेजारच्या म्हातारीच्या. तिने आधी पेटीला हात जोडले.

"देव हाय का आत?"

"नाही आजी, चूल आहे."

"चूल? आन् ती काचंची?" तिने मागे वळून साऱ्या गाडीला सांगितले, "ऐकलं का, पुन्यात काचंच्या चुली झाल्यात. आता सुना वरनंच बगायच्या, शिजलंय का न्हाई ते."

गाडी हसली, मीही हसलो. पण खड्डा आला की म्हातारी पेटी माझ्यापेक्षा घट्ट धरत होती.

घोडेगावच्या फाट्यावर गुरुजी बैलगाडी घेऊन उभे होते. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ. मी रस्त्यातच पाया पडलो. त्यांनी मला उठवले आणि माझ्याकडे न पाहता पेटीकडे पाहू लागले. "ही ती? काच फुटली नाही ना?"

शिंगणापूर

वाटेत शनीचे दर्शन घेऊ म्हणून गाडी शिंगणापुरात थांबली. इथल्या घरांना दारे नाहीत हे मी ऐकून होतो, पण पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. चौकट आहे, उंबरा आहे, आणि मध्ये नुसती मोकळी जागा. कुठे गोणपाटाचा पडदा, कुठे कुत्रे शिरू नये म्हणून टेकवलेली फळी. आमच्या देवरुखात दाराला कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहायचे. मी चहावाल्याला विचारले, "मग रात्री काय करता?"

"रातच्याला झोपतो," तो म्हणाला आणि गाळणी झटकली.

देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा. वर छप्पर नाही, भिंती नाहीत. पुरुष विहिरीच्या पाण्याने अंघोळ करून ओल्या वस्त्राने वर जातात आणि तेल वाहतात. मीही गेलो. पाणी थंडगार होते, अंगावर काटा आला. पण शिळेपाशी वाकलो तेव्हा तिच्यातून निघणारी ऊब गालाला लागली. दिवसभराचे ऊन तिने पोटात साठवलेले होते. अशाच उबेचे आकडे मी वर्षभर वहीत मांडत आलो आहे. तिथे मात्र हात जोडलेले राहिले आणि आकडा एकही सुचला नाही.

तिथून गुरुजींच्या गावापर्यंत काळी जमीन. ज्वारीची खळी चालू होती, गहू पिवळा पडत होता, आणि विहिरीच्या कडेकडेने उसाचे हिरवे चौकोन. डोंगर नाही, झाड तुरळक. कोकणच्या माणसाला पहिल्यांदा उघड्यावर पडल्यासारखे वाटते. मग हळूहळू कळते, इथे आभाळ जास्त आहे.

गाडीतच गुरुजींनी बोलावण्याचे कारण सांगितले. गावाने श्रमदानाने शाळेला लागून एक नवी खोली बांधली होती. शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या मंडळींना ती खताच्या गोण्यांसाठी हवी होती. गुरुजींना ती मुलांच्या प्रयोगशाळेसाठी हवी होती. सरपंच आप्पा ग्रामसभेत म्हणाले होते, "गुर्जी, खताचा उपेग आमाला दिसतो. तुमच्या परयोगाचा उपेग दावा, खोली तुमची." गुरुजी उभे राहून बोलून गेले होते, "माझा विद्यार्थी येईल आणि नुसत्या उन्हावर अन्न शिजवून दाखवील."

"लोक हसले," गुरुजी म्हणाले. "हसू देत. सदाशिव, आयुष्यभर मी खडूच्या तापमापकावर मुलांना ताप दाखवला. या गावच्या पोरांना तरी खरी काच हातात धरू दे."

गुरुजींचे अंगण

गुरुजींकडे मुलगा बाळासाहेब आणि सून मंदावहिनी. वहिनींनी रात्री हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाचा ठसका लागलेली, सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. आम्ही कोकणात हुलग्याला कुळीथ म्हणतो आणि पावसाळ्यात त्याचे कळण पितो. इथे त्याच्या पिठाच्या वळ्या करून रश्श्यात शिजवतात. मी तिसऱ्यांदा वाढून घेतले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पुन्यात जेवायला देत न्हाईत काय?"

दुसऱ्या दिवशी अंगणात पेटी मांडून पाहिली. वहिनींनीच दिलेल्या तुरीच्या डाळीने आणि तांदळाने पातेली भरली. दुपारी झाकण उघडले, तर दोन्ही मऊ शिजलेले. गुरुजींनी डाळ बोटाने दाबून पाहिली आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली. बाळासाहेब तडक गावात जाऊन सांगून आले, उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात.

संध्याकाळी आम्ही दोघे मळ्याकडे फिरायला गेलो. परत येऊन मी लवकर झोपलो.

सकाळी ओसरीत आलो तर कट्ट्यावर दोन पातेली उपडी ठेवलेली. उन्हाची तिरीप पडली होती आणि पातेली आरशासारखी चकाकत होती. त्यात मला माझे तोंड दिसले, आणि ते तोंड पडलेले होते.

"वहिनी," मी म्हणालो, "ही पातेली..."

"घासली!" वहिनी आतून म्हणाल्या, आवाजात कौतुक. "काय ती काजळी, भावजी! राखुंडीनं निघंना, मग इटकरीच्या भुकटीनं काढली. हात दुखून आले बगा. एकटा गडी, लगीन न्हाई झालेलं, भांडी कोन घासनार तुमची? मनलं पावन्याचं भांडं आपल्या घरनं असं काळं जाऊ नये."

त्या भागात पाहुण्याचे भांडे काळे परत करणे म्हणजे घराला बट्टा. वहिनींनी माया केली होती. मी वर्षभर मोजून-मापून दिलेला लेप त्या मायेने मोरीतून वाहून गेला होता. मी पातेले गुरुजींपुढे धरले. गुरुजींनी वहिनींना समजावले तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. "अगं बया! काळंच पायजे हुतं व्हय?"

शाळेपुढचे पटांगण

लोक जमायला लागले होते. काळे काय मिळते म्हणून बाळासाहेब दुकानात धावले आणि कापड रंगवायच्या काळ्या रंगाच्या पुड्या घेऊन आले. बाभळीचा डिंक घरात होता. डिंकाच्या पाण्यात रंग कालवून मी पातेल्यांवर तीन हात दिले. उन्हात लगेच वाळले. रंग असा बसला की माझ्या मूळ लेपापेक्षा काळा. मला हायसे वाटले.

पटांगणात निंबाखाली गाव बसले होते. सरपंच आप्पा खुर्चीवर, मांडीवर फेटा. पातेली आत ठेवली, काच लावली, आरसा वळवला.

"सायेब," आप्पा म्हणाले, "भाकरी भाजंल का ह्याच्यात?"

"भाकरी नाही भाजणार. डाळ, भात, अंडी..."

"मंजी आमी खातो ती सोडून समदं हुतंय."

हशा झाला. मीही हसलो, कारण मला परिणाम ठाऊक होता. एक तास गेला. लोकांनी तंबाखू मळली. अजून बराच वेळ गेला. सावल्या पायाशी आल्या. मी आरसा फिरवत होतो, काच पुसत होतो. शेवटी झाकण उघडले. पाणी कोमट होते. तांदूळ तळाशी तसाच पडलेला, पांढराशुभ्र.

आप्पांनी दोन दाणे उचलून दाताखाली धरले. कट्कन आवाज झाला. "गुर्जी, ह्यो तर पेरला तर उगवंल."

त्यानंतरचे हसणे मला अजून ऐकू येते. सोसायटीचा एकजण मोठ्याने म्हणाला, "चला, गोन्या आनायला गाडी सांगा." गुरुजी उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला फार लागले.

"आप्पा, उद्या एक दिवस द्या."

"उद्या काय, ऊन बदलून येनार हाय?" आप्पा म्हणाले, पण मग गुरुजींकडे पाहून सावकाश मान हलवली. "बरं. तुमचा मान हाय. उद्या दुपारपतूर. मग मात्र गोन्या."

गुऱ्हाळ

जेवण गेले नाही. ऊन तेच, पेटी तीच, काच तीच. फक्त काळे बदलले होते, आणि हे काळे तर पहिल्याहून गडद होते. मी एक पातेले हातात घेऊन ओट्यावर बसलो. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, रंग चांगला न्हाई का? दिसतोय तर काळा ठिक्कर."

"दिसतोय," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातच थांबला.

दिसतोय कुणाला? माझ्या डोळ्यांना. सूर्याच्या किरणांतला जो भाग डोळ्यांना दिसतो, जवळजवळ तेवढाच भाग तांबड्या रंगाच्या पलीकडे असतो. तो दिसत नाही, फक्त अंगाला लागतो. पुण्याला आम्ही एक प्रयोग मुलांना दाखवतो. आयोडीनचा एक द्राव असतो, शाईसारखा काळाकुट्ट. त्याच्या बाटलीमागे दिवा लावला तर दिवा दिसत नाही, पण उष्णता मात्र आरपार येऊन हाताला लागते. दिसणारा प्रकाश त्याने अडवला, न दिसणारा सोडून दिला. कापडाचा रंग तसलाच असला पाहिजे. न दिसणारे किरण तो रंग सोडून देत होता, खालच्या घासलेल्या पत्र्यावरून ते उलटून परत जात होते. अर्धे ऊन मी पातेल्याच्या दारातूनच माघारी पाठवत होतो. डोळ्याला काळे आहे ते उन्हालाही काळे असेल, असे मी धरून चाललो होतो.

मी गुरुजींना हे सांगू लागलो आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. गुरुजी पुढे सरकून ऐकत होते. आमच्या जागा बदलल्या आहेत हे त्यांच्याही लक्षात आले असावे. ते म्हणाले, "मग दोन्ही प्रकाश गिळणारे काळे कोणते?"

"काजळी, गुरुजी. कोळशाचा कण. तो काहीच सोडत नाही."

"तर मग इथे का बसलायस? फाल्गुन आहे. गुऱ्हाळ पेटलेले असेल."

गावाबाहेर उसाच्या फडाशेजारी गुऱ्हाळ होते. चरकातून रस पडत होता, भल्या मोठ्या कढईत पिवळा फेस उसळत होता आणि अर्ध्या कोसावर गोड वास सुटला होता. कोकणात आम्ही गूळ ढेपेच्या रूपानेच ओळखतो. तो असा लालभडक उकळताना मी पहिल्यांदा पाहिला. गुळव्याने वडाच्या पानावर गरम गूळ दिला, वर शेंगदाणे. जीभ भाजली तरी खाल्ला.

"गूळ न्यायचाय का काकवी?" त्याने विचारले.

"कढईखालची काजळी हवी आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने चुलवाणापाशी बसलेल्या जोडीदाराला हाक मारली, "आरं, पुन्याचं सायेब काजळी न्यायला आल्यात! गूळ नगं, रस नगं, काजळी!"

"दृष्ट लागू ने म्हून लावीत असत्याल," जोडीदार म्हणाला. "गोरं हायेत."

बाजूला निवलेली जुनी कढई उपडी होती. तिच्या बुडावर मखमलीसारखी जाड काजळी. मी ती हाताने खरवडून डब्यात भरली. परतलो तेव्हा माझ्यात आणि कढईत फरक उरला नव्हता. गुरुजींच्या अंगणात पाऊल टाकताच कुत्रे भुंकले.

काजळी पाण्यात भिजता भिजेना, वर तरंगत राही. डिंकाबरोबर ती खूप वेळ घोटावी लागते. मी खलबत्ता मागितला. मंदावहिनींनी मला बाजूला सारले आणि पाटा पुढे ओढला. "मी घालवली, मीच आनते." बांगड्या मागे सारून त्यांनी वरवंटा असा चालवला की काजळी आणि डिंक एकजीव झाले. मध्येच म्हणाल्या, "आता वरीसभर आमच्या घरी चटनी काळीच."

मी दोन्ही पातेली पुढे घेतली. गुरुजींनी एकावर हात ठेवला. "हे राहू दे."

"गुरुजी, धोका कशाला?"

"यावर कापडाचाच रंग राहू दे. दोन्हींत तांदूळ घाल आणि एकाच पेटीत शेजारी शेजारी बसव. भात नुसता शिजला तर लोक म्हणतील, काल ऊन कमी होते."

म्हणजे उद्या पुन्हा एक पातेले सर्वांसमोर नापास होणार होते, आणि या वेळी मुद्दाम. मला भीती वाटली. पण शिकवणे गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

पुन्हा पटांगण

दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त लोक आले. गंमत पाहायला म्हणून बायकाही शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, मंदावहिनी सगळ्यांत पुढे. गुरुजींनी दोन्ही पातेली उंच धरली.

"आप्पा, यातलं जास्त काळं कोणतं?"

आप्पांनी डोळे बारीक केले. "ह्ये," त्यांनी कापडाच्या रंगाच्या पातेल्याकडे बोट दाखवले. "दुसरं जरा राखी मारतंय."

"लक्षात ठेवा."

आप्पांनीच दोन्हींत मुठीने सारखे तांदूळ घातले, तांब्याने सारखे पाणी ओतले. काच लावली. मी आरसा वळवला आणि मागे झालो. काल मी निवांत होतो आणि हरलो. आज मी पुन्हा पुन्हा आभाळात ढग शोधत होतो. गुरुजी मात्र काठी घेऊन पेटीशेजारी उभे राहिले, जणू तास चालू आहे.

बराच वेळ काही झाले नाही. मग काचेच्या आतून एका बाजूला वाफ धरली. कुणीतरी म्हणाले, "धुकं आलं." लोक उठून पुढे सरकले. काजळीच्या पातेल्याचे झाकण हलले, पुन्हा हलले, आणि ठरावीक टकटक सुरू झाली. शेजारचे पातेले गप्प होते. बायकांतून आवाज आला, "अगं, उकळलं गं! जाळ न्हाई, काय न्हाई!"

टकटक थांबली, मी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग आप्पांना काच उघडायला सांगितले. गरम वाफ तोंडावर येताच ते मागे सरले. काजळीच्या पातेल्यात भात काठोकाठ फुलला होता. दुसऱ्यात वर पाणी, खाली टणक दाणे.

आप्पांनी एक शीत चिमटले, दुसरे चिमटले. मग दुसऱ्या पातेल्यातला दाणा दाताखाली धरला. कट्कन आवाज झाला. या वेळी कुणी हसले नाही.

"ऊन येकच," ते हळू म्हणाले. "पेटी येकच. मी सवता पानी घातलं. आन् जास्त काळं ते कच्चं?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आसं कसं, सायेब?"

काल मला हसणारा माणूस आज मला विचारत होता. मी सांगायला तोंड उघडले आणि मग गुरुजींकडे पाहिले. हा तास त्यांचा होता.

गुरुजी म्हणाले, "कारण आप्पा, उन्हात आपल्याला दिसत नाही असंही ऊन असतं. एक काळं ते गिळतं, दुसरं ते सोडून देतं. डोळ्यांना दोन्ही काळीच. हे डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगाने कळतं."

आप्पांनी फेटा डोक्यावर चढवला. भाताचा घास करून तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. "मीठ कमी हाय," ते म्हणाले. मग सोसायटीच्या मंडळींकडे वळून गरजले, "गोन्या माझ्या गोठ्यात टाका रं! खोली गुर्जींची!"

एकच गिल्ला झाला. पातेल्यातला भात लोकांनी चिमूट चिमूट प्रसादासारखा वाटून खाल्ला. मंदावहिनी रिकामे पातेले छातीशी धरून सांगत होत्या, "हात लावू नगा. घासायचं न्हाई ह्ये. माज्यासारकं कराल."

सारे गाव गुरुजींच्या मागे नव्या खोलीत शिरले. खोली गोदामासारखी बांधलेली, खिडकी नाही, आत अंधार. गुरुजी मधोमध उभे राहिले आणि दक्षिणेच्या भिंतीकडे काठी करून म्हणाले, "इथं ऊन पाहिजे."

"आताच?"

"आप्पा, मी पुष्कळ वाट पाहिली आहे."

कुणीतरी पहार आणली. पहिला घाव आप्पांनी घातला. स्वतःच्या हाताने रचलेली भिंत ते लोक हौसेने फोडू लागले. मीही दगड ओढले. एक मोठा चिरा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि धुळीतून उन्हाचा रुंद पट्टा आत आला, फुटलेल्या भिंतीपासून गुरुजींच्या पायांच्या दिशेने.

गुरुजी त्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले. क्षणभर डोळे मिटले. मग आमच्या देवरुखच्या वर्गात असत त्याच आवाजात म्हणाले, "बसा सगळे. तास सुरू करू."

आणि सारी माणसे, पहार हातात असलेले आप्पा धरून, धुळीने माखलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. मीही शेवटच्या रांगेत जागा करून बसलो.